काढलेला दात टाकायचा कुठे?

नाही, तुम्हीच सांगा, दात हा काय कचरा आहे? आयुष्यभर बिचारा निमूटपणे चावत होता, आणि बाहेर आला रे आला की सरकारच्या लेखी एकदम घातक वस्तू! अहो, दात काढणं सोपं आहे, काढलेला दात टाकणं अवघड आहे! दातांचा डॉक्टर आहे मी, उगाच बोलत नाही. दात ओढायचा कसा हे मला कॉलेजात शिकवलं, पण ओढल्यावर त्याचं करायचं काय, हे कुणी शिकवलं होतं का?

तर झालं काय, पलीकडच्या गल्लीतल्या डेंटिस्टचा दवाखाना सील झाला. कशामुळे? एका हातमोज्यामुळे! चुकीच्या पिशवीत एकच हातमोजा, आणि महिनाभर कुलूप! वर तपासणीचे साहेब जाता जाता म्हणाले, आता पुढची गल्ली. पुढची गल्ली म्हणजे आमची! झोपच उडाली हो माझी. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात... आमची ही काउंटर सांभाळते, तिने तर मला परीक्षेलाच बसवलं. मी जेवतोय, आणि ही मध्येच ओरडते, "सुई!" मी म्हणतो, "पांढरा!" "मोजा!" "लाल!" "दात!" "पिवळी!" "चांदी भरलेला दात?" ...की माझा घास घशात! कारण ती चांदी नुसती चांदी नसते, तिच्यात पारा असतो. पिवळी पिशवी जाते भट्टीत, आणि पारा भट्टीत गेला की त्याचा धूर सगळ्या गावाच्या नाकात! म्हणून तसला दात बंद बरणीत ठेवायचा. आणि बरणी? कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं, तर तो म्हणतो, "डॉक्टर, ते आमच्यात बसत नाही, तुमचं तुम्ही बघा." काय बघू? दात काढणं सोपं आहे हो, टाकणं अवघड!

आणि आले एकदा साहेब. चेहरा असा, की हसले तर दंड होईल. आल्या आल्या काउंटरवरच्या वाटीतली चिकट गोळी तोंडात टाकली. हो, ठेवतो आम्ही गोळ्या, लहान मुलांसाठी. हसू नका! पोटापाण्याचा प्रश्न आहे.

पिवळी पिशवी उघडली. "हं." लाल उघडली. "हं." पांढरा डबा कानाशी नेऊन हलवला. "हं." मी मनात म्हणतोय, सुटलो, सुटलो... तेवढ्यात त्यांची नजर गेली कपाटातल्या बरणीवर!

"सापडलं! डॉक्टर, बरणीत दात? दात पिवळ्या पिशवीत जातो! दवाखाना बंद करावा लागेल."

हिच्याकडे बघतो, तर ही काउंटरमागून नुसते ओठ हलवतेय, "चां...दी..." आणि मग, तुम्हाला सांगतो, माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक! म्हटलं, "साहेब, या दातात चांदी आहे, चांदीत पारा आहे, पिवळी पिशवी भट्टीत जाते, आता जाळू का सांगा! तुम्ही म्हणत असाल तर जाळतो!"

रागारागाने साहेबांनी ती गोळी करकचून चावली, आणि... "आई गं!" त्यांच्याच दाढेतली जुनी चांदी गोळीला चिकटून बाहेर! साहेबांनी ती कागदात गुंडाळली आणि खुशाल टाकली कुठे? आम्ही चहाचे कप टाकतो त्या साध्या टोपलीत!

"थांबा!!" मी असा ओरडलो की बाहेर बसलेल्या पेशंटने आपोआप आ वासला. "साहेब, पारा!"

मग काय विचारता! साहेब हातमोजे घालून टोपलीत वाकलेले, कपांतून चांदी शोधतायत, आणि मी कमरेवर हात ठेवून उभा! सापडली, बरणीत गेली. मग साहेबांनी हातमोजे काढले, चिमटीत धरले, आणि माझ्याकडे बघून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "डॉक्टर... हे?"

मी आणि ही, एका सुरात, "लाल!!"

लग्नात घोड्यावर बसलो तेव्हासुद्धा माझी मान इतकी ताठ नव्हती. साहेबांची दाढ मीच भरून दिली, बिनपाऱ्याची. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दवाखान्याला 'आदर्श' म्हणून जाहीर केलं. आदर्श! पलीकडच्या गल्लीतला येऊन दारावरची नवी पाटी वाचून गेला. मुद्दाम दोनदा वाचायला लावली मी त्याला!

पण दात काढणं सोपं आहे, टाकणं... साहेबांनी पुढच्याच आठवड्यात हुकूम काढला, गावातल्या सगळ्या डेंटिस्टांनी आपापल्या बरण्या आदर्श दवाखान्यात आणून ठेवाव्यात! सकाळी दार उघडतो तर बाकावर डेंटिस्ट, जिन्यात डेंटिस्ट, प्रत्येकाच्या मांडीवर बरणी! गाल सुजलेला एक पेशंट आला, एवढे सगळे डेंटिस्ट एकदम आपल्याकडे बघतायत हे बघितलं, आणि जो पळत सुटला!

मी म्हटलं, "अगं, पेशंट गेला!"

ही म्हणाली, "जाऊ द्या. त्याचा दात ठेवायला जागा कुठे होती?"