चौऱ्याऐंशी हे उत्तर कुठून आलं?

अध्यक्षस्थानी असलेल्या आमच्या मुख्याध्यापिका, व्यासपीठावरचे शाळा समितीचे सन्माननीय सदस्य, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या सत्कारमूर्ती बाई, शिक्षक बंधू-भगिनींनो, पालकहो, आजी-माजी विद्यार्थ्यांनो, आणि माझं भाषण कधी संपतंय याकडे डोळे लावून दाराशी चहाची किटली घेऊन उभे असलेले आमचे शिपाईकाका,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी गणिताचा माणूस, तेव्हा वेळेच्या बाबतीत निर्धास्त राहा.

बाईंची आणि माझी मैत्री सव्वीस वर्षांची. मैत्री म्हणजे काय, तर रोज मधल्या सुट्टीत डबे उघडायचे आणि भांडायचं. भांडणाचा विषय एकच: बाईंचे प्रकल्प. इतिहास-नागरिकशास्त्र म्हणजे धडा वाचावा, प्रश्नोत्तरं लिहावीत, मोकळं व्हावं. पण नाही! बाई नववीच्या मुलांना वही घेऊन माणसांकडे पिटाळणार. पोस्टमनला विचारा, नळदुरुस्तीवाल्याला विचारा, स्वतःच्या आत्याला विचारा. मुलं बाईंना मागून ‘पुरावाबाई’ म्हणतात. बाई, हसू नका, तुम्हाला ते ठाऊक आहे.

मी एकदा म्हणालो, “बाई, त्यापेक्षा दोन धडे जास्त शिकवा.” बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, तुमच्या पुस्तकात उत्तरं शेवटच्या पानावर छापलेली असतात. माझ्या मुलांना ती चालत जाऊन आणावी लागतात.” मी चटणी मागितली.

बाईंच्या प्रकल्पाचे नियम कडक. माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. त्याचीच गोष्ट दुसऱ्या कुणालातरी विचारायची. आणि जमा करण्याआधी सगळं त्या माणसाला वाचून दाखवून सही घ्यायची. सही म्हणजे ‘मान्य’ नव्हे, फक्त ‘ऐकलं’. खाली एक चौकट: ‘संबंधितांचे म्हणणे’.

आठ वर्षांपूर्वी माझी कन्या नववीत आली आणि तिला विषय मिळाला ‘घरातल्या एका माणसाचं काम’. साहजिकच मी! मी इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला बसलो. सहा प्रश्न झकास गेले. सातवा होता, “बाबा, कामात झालेली मोठी चूक कोणती?” मी म्हणालो, “नाही. लिही, एकही नाही.” तिनं तसंच लिहिलं.

दुसरं माणूस तिला शाळेमागच्या शिवणाच्या दुकानात सापडलं. गणवेश आणायला गेली होती. दुकानाच्या मालकीणबाईंना तिनं सहज विचारलं, “तुम्ही याच शाळेतल्या का? माझ्या बाबांनी शिकवलंय तुम्हाला?” त्या ताईंकडे मी सहा वर्षं पँट अल्टर करायला देत होतो. “झाली का, ताई?” “उद्या या, सर.” सगळेच मला सर म्हणतात, मला काही वेगळं वाटलं नाही.

चौथ्या दिवशी कन्या जेवणाच्या टेबलाशी बसून त्या ताईंनी सांगितलेलं वाचू लागली. माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष, आठवी, घटक चाचणी. समलंब चौकोन, समांतर बाजू नऊ आणि पंधरा, उंची सात. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘एकशे अडुसष्टचे अर्धे, चौऱ्याऐंशी.’ सूत्र नाही, पायऱ्या नाहीत. मी तिला उभं केलं आणि विचारलं, “चौऱ्याऐंशी कुठून आलं? शेजारच्या वहीतून?” वर्ग हसला. मी शून्य दिलं.

ती शिंप्याची मुलगी. तिचे वडील स्कर्टचे तुकडे कापताना एक सुलट आणि एक उलट ठेवायचे, कापड वाया जाऊ नये म्हणून. तिनं मनात तेच केलं. दोन तुकडे जोडले, चोवीस गुणिले सात केले, निम्मे घेतले. माझ्या सूत्रापेक्षा सुंदर. पुढचं वाक्य कन्येनं जरा हळू वाचलं: “त्यानंतर मी गणिताच्या तासाला हात वर केला नाही. दहावीला गणितातच राहिले. पुन्हा बसले नाही.”

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. म्हणालो, “बाई, हा घरगुती मामला आहे. पोरीला विषय बदलून द्या.” बाई म्हणाल्या, “विषय बदलणार नाही. चौकट कोरी आहे, तुमचं म्हणणं लिहा.” मी सही केली. चौकट तशीच ठेवली. कन्येला वीसपैकी वीस मिळाले आणि चौकटीत बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं, ‘प्रतीक्षेत’.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण त्या वर्षापासून मी समलंब चौकोन कागदाचे दोन तुकडे उलटसुलट जोडून शिकवू लागलो. मुलं खूश. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याला टाळ्या पडल्या, ‘सरांची पद्धत’ म्हणून. मी मान तुकवून त्या घेतल्या. मला त्याची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात बाई कपाट आवरत होत्या. तो प्रकल्प त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. शेजारी पेन ठेवलं.

मंडळी, शून्य मी चाळीस मुलांसमोर दिलं होतं. ते दुकानाच्या काउंटरवर कुजबुजून परत घेता येत नाही. म्हणून त्या ताईंना मी आज बोलावलं. त्या आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत, माझ्या कन्येशेजारी. नियमाप्रमाणे चौकटीतलं वाचून दाखवतो:

“चौऱ्याऐंशी हे उत्तर बरोबर होतं. ते तिच्या स्वतःच्या डोक्यातून आलं होतं. ‘सरांची पद्धत’ तिची आहे, आणि यापुढे वर्गात तसंच सांगितलं जाईल. सातव्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर खोटं होतं.”

बाई, तुमचे प्रकल्प म्हणजे वेळेचा अपव्यय, हे माझं सव्वीस वर्षांचं मत मी आज मागे घेतो. तुमच्यानंतर नववीचे प्रकल्प बंद करायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यांनी आधी मला भेटावं. संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि एवढं निमूट ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं.

ताई, तुमच्याकडे मात्र तेवढ्यावर भागणार नाही. मला माफ करा. नाही केलंत तरी तक्रार नाही. फक्त या कागदावर सही करा, ऐकल्याची.