चिठ्ठी न मागणारं दुकान

— नाही म्हणजे नाही, किती वेळा सांगू? डॉक्टर सुट्टीवर आहेत, सोमवारशिवाय येणार नाहीत, आणि मी काही जनावरांची डॉक्टर नाही. मी इथे नंबर लावते, फोन उचलते, फायली काढते, संपलं. टेबलावर हात आपटू नका. तुमच्या कुत्रीला फिट्स येतात, गोळ्या दोनच दिवसांच्या उरल्यात — ऐकलं, बहिरी नाहीये मी. मग इतके दिवस काय झोपला होतात? — विसरलात. छान! स्वतःचं जेवण विसरता का हो कधी?

काय दाखवताय? मोबाईल नाचवू नका नाकासमोर, आणा इकडे. ऑनलाइन औषधांचं दुकान, आणि वर लिहिलंय, 'डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही.' अरे वा! आणि तुम्हाला याचा आनंद झाला? शिकलेसवरलेले दिसता. फिट्सची गोळी अशी चिठ्ठीशिवाय देतात? जो चिठ्ठीच मागत नाही त्याला तुमच्या कुत्रीचं काय पडलंय? पत्ता दाखवा याचा. नाही ना? लायसन्स नंबर? तोही नाही. फोन लावून बघितलात, कुणी फार्मासिस्ट बोलला? — बोलतोय कुठला! आणि स्ट्रिप अगदी सेम दिसते, हे मला नका सांगू. सेम दिसते म्हणे! मला शिकवताय?

इथली पद्धत माहितीये ना — रिकामी स्ट्रिप आणायची, मी ती नवीच्या शेजारी धरून बघते, नाव, रंग, मिलिग्रॅमचा आकडा. अकरा वर्षं बघतेय. माझी नजर चुकत नाही, डॉक्टरसुद्धा म्हणतात. म्हणून तर गेल्या वर्षी ते असेच सुट्टीवर असताना मास्तर माझ्याकडे आले, ढब्बूचे मास्तर — ढब्बू म्हणजे त्यांचा कुत्रा, हा असा लठ्ठ, दारातून मागून ढकलावा लागायचा — त्यालाही फिट्सच, आणि मास्तरांच्या मोबाईलवरही असंच एक दुकान. मी फोटो मोठा केला, रिकामी स्ट्रिप शेजारी धरली आणि म्हटलं, मागवा काका, तीच आहे. हो, मीच म्हटलं! पार्सल आलं तेही बिचारे दाखवायला घेऊन आले, तेव्हाही मी आपलं तेच — नाव, रंग, आकडा. बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, मागची बाजू कोरी — पण उलटून बघायला नको? चौथ्या दिवशी ढब्बूला फिट आली ती थांबेचना. त्या गोळ्यांत औषधच नसणार, आणि हे औषध असं एकदम तुटलं की... जाऊ दे. तुम्ही काय उभे राहून ऐकताय?

आठवड्यानं मास्तर आले. उरलेल्या गोळ्या घेऊन! म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला उपयोगी पडतील, वाया कशाला घालवायच्या. म्हणाले, माझ्याच हातून एखादी गोळी द्यायची राहिली असेल, वय झालं आता. तेव्हा उलटली मी ती स्ट्रिप, त्यांच्यासमोर, इथेच. आणि म्हटलं — होतं असं काका, मनाला लावून घेऊ नका.

हा नंबर घ्या. पुलापलीकडच्या डॉक्टरीणबाई, पाचपर्यंत असतात, मी फोन करून ठेवते. कुत्रीला घेऊन जा, ही फाईल न्या, त्या तपासून चिठ्ठी देतील. मग मागवा मोबाईलवरून हवं तर — पण जो आधी चिठ्ठी मागेल, ज्याचा पत्ता असेल, लायसन्स असेल, त्याच्याकडून. पोचेपर्यंतच्या गोळ्या बाईंकडूनच मागा. आणि पुरवून पुरवून अर्धी गोळी द्यायची अक्कल चालवू नका.

काय? — नाही, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. मास्तरांनाही नाही. ते अजून सगळ्यांना सांगत फिरतात, 'गोळी माझ्याच हातून चुकली' म्हणून. तुम्हाला काय करायचंय? सरका बाजूला, मागच्या बाई खोळंबल्यात.