जाणकाराने घेतलेलं चित्र

डॉक्टर: अहो पण सर, तुमचं चित्र घेणाऱ्या त्या माणसाला नाव तरी असेल की नाही? का नुसताच जाणकार?

सर: जाणकार माणसं नाव सांगत सुटत नाहीत, डॉक्टर. तुमची चित्रं नेणारे सांगतात, कारण त्यांना पुढच्या आठवड्यात दाढ भरून घ्यायची असते.

डॉक्टर: पोचला टोमणा. पण मी माझ्या एकाही पेशंटला चित्र घ्या म्हणून सांगितलेलं नाही हं.

पेंटर: तुम्हाला सांगायची गरजच काय? माणूस खुर्चीत आडवा, तोंडाचा आ, आणि तुम्ही हातात ते यंत्र धरून विचारता, ‘माझं प्रदर्शन आहे, येणार ना?’ नाही म्हणायला जीभ मोकळी हवी ना त्याची.

डॉक्टर: पेंटर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?

पेंटर: मी माझ्या घोड्यांच्या बाजूने. आणले तेवढे सगळे विकले गेले. शेवटचा आज सकाळी गेला. आता माझ्या भिंतीवर नुसते खिळे दिसतायत.

सर: परवापेक्षा आज तीच भिंत जास्त बोलकी वाटतेय.

पेंटर: बघा डॉक्टर, हे असं. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, हॉटेलांच्या भिंती रंगवल्या, पण इतका अपमान कुठल्या गिऱ्हाईकाने नाही केला. आणि आपल्या प्रदर्शनाच्या पत्रकावर काय छापलंय? ‘वेगवेगळ्या वाटांचे सहप्रवासी.’

सर: ते वाक्य माझं नाही. ते बँकेतून निवृत्त झालेल्या आपल्या कोलाजवाल्यांचं आहे. कात्री हातात आली की त्यांना राहवत नाही, मग ते इकडचे तिकडचे शब्दही चिकटवतात.

डॉक्टर: विषय बदलू नका. मी जाणकाराचं विचारत होते. टिकल्यांचा कागद माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. चित्र विकलं गेलं की मी टिकली काढून देते आणि ती त्या चित्राखाली लागते. सगळ्यांचं असंच चाललंय. आणि उद्घाटनाच्या सकाळी मी दालन उघडून आत येते, तर तुमच्या निळ्या चित्राखाली लाल टिकली हजर. पाहुणे नाहीत, पाहुण्यांचा चहा नाही. जाणकार काय खिडकीतून आला?

सर: त्याने ते माझ्या घरी पाहिलं होतं.

डॉक्टर: मग घरूनच का नाही नेलं?

सर: कारण प्रदर्शनात लोकांनी ते पाहावं अशी त्याची इच्छा होती. रसिक माणसाला थोडा धीर असतो. घोडा घेणाऱ्याला नसतो, त्याला वाटतं पळून जाईल.

पेंटर: तुमची खात्री आहे ना सर, तो आहे म्हणून? कारण संध्याकाळी पाचला तुमचे जुने विद्यार्थी येणार आहेत सत्कार करायला. ‘उद्घाटनाआधीच चित्र विकलं गेलं’ म्हणून पेपरात आलंय ना, त्यांना भरून आलंय. त्यांचा एक पुढारी सकाळी फोनवर म्हणाला, त्या जाणकारांनाही बोलवा, दोघांचा फोटो काढू.

सर: सत्कार? मला कुणी विचारलं होतं का?

पेंटर: तुम्ही नाही म्हणाल म्हणून नाही विचारलं. आणि तुम्ही नाही म्हणालाच असता, पण नवा शर्ट घालून आला असता.

सर: सांगून टाका त्यांना, जाणकार परगावी असतात.

डॉक्टर: आताच तर घरी येऊन चित्र बघत होते.

सर: परगावची माणसं कुणाच्या घरी जात नाहीत का? डॉक्टर, तुम्ही दात काढता तेव्हा माणसाला गुंगी तरी देता.

पेंटर: बरं, त्या निळ्यावरून आठवलं. सकाळी तुम्ही फ्रेमवाल्याकडे गेला होता ना, तेव्हा एक बाई आल्या होत्या. त्याच्यासमोर थांबल्या.

सर: थांबतात. बघतात, कपाळाला आठ्या घालतात, आणि घाईघाईने तुमच्या घोड्यांकडे जातात. घोडा कळतो. पाय कुठे, शेपूट कुठे, सगळं जागच्या जागी.

पेंटर: या नाही गेल्या. खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. माझा चहा झाला, मी दोनदा इकडून तिकडे गेलो, तरी बसलेल्याच. मग मी आपलं नेहमीचं बोललो.

डॉक्टर: नेहमीचं म्हणजे?

पेंटर: ‘असं तर माझी पोरगीही काढेल.’

सर: हे तुम्ही प्रदर्शन सुरू झाल्यापासून लोकांना सांगताय?

पेंटर: सगळ्यांना नाही. जे तुमच्या चित्राजवळ थांबतात त्यांनाच. म्हणजे फार नाही. तर त्या बाई म्हणतात कशा, ‘पोरीनेच काढलंय.’

डॉक्टर: म्हणजे?

पेंटर: मलाही तसंच झालं. म्हटलं, उन्हाचा परिणाम असेल. तर त्यांनी खालचा कोपरा दाखवला. तो पिवळा पट्टा आहे ना, वाकडा, त्याच्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, ‘हा मी मारलाय.’

डॉक्टर: तो पट्टा? सर तर पेपरवाल्याला किती वेळ त्याच्याबद्दल सांगत होते. काय ते... ‘अवकाशाला गेलेला तडा.’ त्याने दोनदा लिहून घेतलं.

पेंटर: तडा कसला. बाबा आत चहा करायला गेले आणि लेकीने ब्रश बुडवून फराटा ओढला. लहान होत्या. मग ओरडा बसेल म्हणून पलंगाखाली जाऊन बसल्या. बाबांनी शोधलं, बाहेर काढलं, आणि ओरडले नाहीतच. म्हणाले, ‘चित्र तर आता झालं.’ आणि त्यानंतर त्याला हात लावला नाही. हे सांगताना हसत होत्या.

सर: दिसायला कशी होती?

पेंटर: उंच. नाक अगदी तुमच्यासारखं. फक्त वर केलेलं नव्हतं.

डॉक्टर: सर? बसा तुम्ही. खुर्ची द्या हो पेंटर.

सर: मी ठीक आहे. आणखी काय म्हणाली?

पेंटर: ‘हे मला मिळेल का’ म्हणाल्या. नवं घर घेतलंय, त्यात लावायचंय. ‘बाबांना सांगू नका, मी आपली कुणीतरी म्हणून घेईन.’ मी त्यांना टिकली दाखवली. म्हटलं, गेलं हो बाई, जाणकाराने घेतलं, पेपरातही आलंय.

सर: आणि?

पेंटर: ‘बरं झालं’ म्हणाल्या. ‘बाबांना खूप आवडलं असेल ते.’ मग पुन्हा थोडा वेळ बसल्या. डोळे पुसले का काय, मी नीट पाहिलं नाही. मला कुणी रडायला लागलं की काय करावं ते सुचत नाही, म्हणून मी घोडा दाखवला.

डॉक्टर: आणि त्यांनी घेतला?

पेंटर: घेतला. मुलासाठी. घरी घोडा घोडा करत असतो म्हणे.

सर: मुलगा.

पेंटर: हो, मुलगा. तुम्हाला... म्हणजे तुम्हाला माहीत असेलच की.

सर: मला कुणी सांगितलं नाही.

डॉक्टर: तुम्ही विचारलं होतं कुणाला?

सर: डॉक्टर, तुमचा स्वभाव तुमच्या धंद्याला फार शोभतो. दुखतंय तिथेच टोचायचं.

डॉक्टर: तिथे टोचल्याशिवाय कळत नाही किती किडलंय ते. झालं काय होतं तुमच्यात?

सर: काही नाही. जावई भिंतीवरची मोठाली चित्रं छापतो. धबधबे, जंगलं, बर्फाचे डोंगर. हॉटेलांच्या भिंतींना चिकटवतात ती.

डॉक्टर: माझ्या दवाखान्यात आहे की एक धबधबा. पेशंटला बरं वाटतं.

सर: मला नाही वाटलं. लग्नाच्या हॉलमध्ये त्याच्या वडिलांनी विचारलं, मुलगी देताना कसं वाटतंय. मी म्हणालो, ‘हातानं एकच घडवलं होतं, तेही आता धबधब्याशेजारी चिकटवायला देतोय.’

पेंटर: अरे देवा.

सर: सगळे हसले. इतके हसले की मला वाटलं, छान बोललो. जावईसुद्धा हसला, बिचारा. ती तेवढी नाही हसली. जाताना तिने मला नमस्कार केला आणि म्हणाली, ‘बाबा, आता तुम्ही आमच्याकडे येऊ नका. तुम्हाला बघवणार नाही.’ मला वाटलं राग आहे, ओसरेल. मी वाट बघितली. आधी तिने बोलावं असं माझं म्हणणं होतं.

डॉक्टर: आणि तिचं तसंच तुमच्याबद्दल.

सर: नाक माझं आहे म्हणालात ना तुम्ही.

डॉक्टर: मी नाही, पेंटर म्हणाले. पण आली ती. आधी तीच आली. आता एक करा, त्या जाणकाराला फोन लावा. सांगा, माझ्या मुलीला हवंय, दुसरं कुठलंही घ्या. माणूस रसिक आहे म्हणता, ऐकेल.

सर: नाही ऐकणार.

डॉक्टर: का बरं?

सर: तुम्हाला कळलंय डॉक्टर. मघापासून कळलंय. का वदवून घेताय माझ्याकडून?

पेंटर: मला नाही कळलं.

सर: जाणकार कुणी नाही पेंटर. डॉक्टरांच्या ड्रॉवरमधून टिकली मी घेतली. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी, तुम्ही खिळे ठोकत होता तेव्हा. आणि मीच लावली.

पेंटर: तुम्ही? अहो पण कशाला?

सर: कशाला म्हणजे? मागच्या प्रदर्शनात तुमचे घोडे गेले, डॉक्टरांची जास्वंद गेली, त्या कोलाजवाल्याचं रद्दीचं झाडसुद्धा गेलं. माझ्या चित्रांसमोर माझाच एक विद्यार्थी उभा राहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, ‘सर, तुमचं काम लोकांना कळायला वेळ लागेल.’ ज्याला मी पेन्सिल धरायला शिकवलं तो. मला पुन्हा कुणाचा हात खांद्यावर नको होता. म्हटलं, एक टिकली. कुणाचं काय जातंय.

डॉक्टर: हसू नका पेंटर.

पेंटर: मी नाही हसत हो. मी काय करायचो सांगू? नवं दुकान टाकलं तेव्हा शेजारच्या दुकानांच्या नावाच्या पाट्या रंगवून बाहेर वाळत घालायचो. ऑर्डर नसताना. लोकांना वाटावं कामं भरपूर आहेत. फरक एवढाच, मला गिऱ्हाईकं मिळाली त्याच्याने.

सर: आणि मला मिळालेलं परत गेलं.

डॉक्टर: परत बोलवा. नंबर आहे ना?

सर: पाठ आहे.

पेंटर: मग लावा. आणि सरळ सांगा, गिऱ्हाईक फिरलं. गिऱ्हाईकं फिरतातच. माझी तर अर्धी पाटी रंगवून झाल्यावर फिरायची. तुमची अब्रू राहिली, पोरीला चित्र मिळालं, विद्यार्थ्यांनाही हेच सांगता येईल. कुणाला काही कळत नाही. आम्ही दोघं कशाला बोलतोय कुठे.

डॉक्टर: मी बोलणार नाही. पण सर, तुमची मुलगी ‘बाबांना खूप आवडलं असेल’ म्हणून गेली. तुमचं चित्र गेलं याचा तिला आनंद झाला, आणि ते तिलाच हवं होतं. आता तिला काय सांगायचं ते तुम्ही बघा.

सर: फोन द्या इकडे. माझाच द्या, तो टेबलावर आहे. आणि दोघं जरा लांब उभे राहा.

(सर फोन लावतात. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही. दोघं लांब जात नाहीत.)

सर: हॅलो. मी बोलतोय. ...हो, मीच. ...नाही नाही, तब्येत उत्तम आहे. कुणाला काही झालेलं नाही. ...अगं, काही झाल्याशिवाय मी फोन करू नये का? ...बरोबर आहे तुझं. नाही केला कधी.

पेंटर: चित्राचं बोला.

सर: सकाळी येऊन गेलीस म्हणे. ...पेंटरांनी सांगितलं. ...हो, तेच ते घोडेवाले. तुला कबूल केलं होतं त्यांनी, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. ...ते निळं ना, त्याचं असं झालंय, ज्या गृहस्थांनी ते घेतलं होतं त्यांनी जरा...

पेंटर: माघार घेतली.

सर: गप्प बसा हो पेंटर. ...नाही, तुला नाही म्हटलं. ऐक. गृहस्थ कुणी नव्हतेच. ती टिकली मीच लावली. माझ्या हाताने. ...हो, स्वतःच. ...वेडबीड नाही लागलं, लाज वाटत होती. सगळ्यांची चित्रं जात होती आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. ...हस. हसायचं तर हस. ...हसतेयस की रडतेयस? फोनवर कळत नाही गं.

डॉक्टर: नातवाचं विचारा.

सर: आणि तुला मुलगा आहे म्हणे. ...केवढा झाला? ...बोलतो? ...मला माहीत नव्हतं. ...हो, मी विचारलंच नाही, ती माझीच चूक. लग्नात जे बोललो तीही माझीच. तेव्हा लोक हसले म्हणून मला कळलं नाही. नंतर कळलं, आणि तरी फोन केला नाही.

पेंटर: टिकली मी काढून टाकू का सर?

सर: राहू द्या, मी काढेन. विद्यार्थी आल्यावर त्यांच्यासमोर काढेन. ...तुला नाही, इथे बोलतोय. ते माझा सत्कार करायला येणार आहेत. ...हो, त्यांनाही सांगणार. मग सत्कार करतात का ते बघू. ...विकत कसलं घेतेस, तुझंच आहे ते. घेऊन जा. ...अगं तडा वगैरे नाही, ते त्या पेपरवाल्याला काहीतरी सांगायला हवं होतं म्हणून. ...आज ये. ...मग जावई कामावरून आले की या, दालन बंद झालं तरी मी थांबतो. ...हो, त्यांनाही आण. त्यांना आणलंच पाहिजे. ...नाही, मी काही बोलणार नाही त्यांना. अवाक्षर काढणार नाही. ...बरं. बोलेन. नीट बोलेन.