फ्रीज कुणामुळे बंद पडला

नाही नाही, आधी बसा, दादा — ती हत्यारांची पेटी राहू दे दाराशी, फ्रीज कुठे पळून जात नाही. दुरुस्ती नंतर. आधी दोष कुणाचा ते समजून घ्या, या घरात तोच खरा प्रश्न असतो. माझा थोरला चिप बनवणाऱ्या कंपनीत आणि धाकटा सॉफ्टवेअरच्या. एके काळी दोन्ही कंपन्यांचं चांगलं गूळपीठ होतं — याच फ्रीजमध्ये बघा, चिप थोरल्याची, सॉफ्टवेअर धाकट्याचं. दोघे भाऊ माझ्या स्वयंपाकघरात सुखानं नांदत होते म्हणा. मग थोरल्याच्या कंपनीला वाटलं, सॉफ्टवेअर आपणच का लिहू नये? धाकट्याच्या कंपनीला वाटलं, चिप आपणच का बनवू नये? झालं. माणसाच्या घरातला दिवा म्हणू नका, पंखा म्हणू नका, सगळं इंटरनेटला जोडायचं आणि ते आपल्याच कंपनीचं असायचं, अशी चढाओढ — आणि रणांगण कुठलं, तर माझी बैठकीची खोली.

तो दिवा थोरल्याचा, पडदे धाकट्याचे. एकमेकांशी बोलाचाली नाही — दिव्या-पडद्यांचं म्हणतेय मी, पोरांचंही तेच म्हणा. पडदे सहाला आपोआप बंद होतात, दिवा सातला लागतो, मधला तासभर मी अंधारात. उठून बटण दाबू? बटण काढून टाकलं हो — थोरला म्हणाला, आई, बटणांचा जमाना गेला. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ना, आमच्या चुलीला वायफाय आहे एवढंच. आणि हा फ्रीज तर चहाडखोर — डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय, दार दोनदा उघडलं की दोघांच्याही फोनवर कळतं. 'आई, काय खाल्लंस?' फोन करून विचारतील तर शपथ, नुसता मेसेज. इथलं सगळं त्यांना तिथे बसून दिसतं, मग यायचं कशाला?

बंद कधी पडला? आज सकाळी. दूध? दूध कालच शेजारणीकडे ठेवलं, नासायला नको म्हणून — अं, आज. आजच. असे बघू नका... बरं, मीच काढली ती मागची पांढरी वायर. झालं समाधान? मागच्या हिवाळ्यात हा खरंच बंद पडला, तेव्हा दोघेही त्याच दिवशी धावत आले — माझ्यासाठी नाही, चूक दुसऱ्याची आहे हे सिद्ध करायला. तीन तास या फरशीवर बसून भांडले. मी गरम गरम वाढत गेले आणि भांडता भांडता दोघे एकाच ताटात जेवले, त्यांच्या ध्यानातही आलं नाही. हे गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, दादा. मग मार्चमध्ये वॉशिंग मशीन मीच बिघडवलं, जूनमध्ये दाराचं कुलूप — दर वेळी आले हो. आणि आज तुम्ही. दोघांनी मिळून पाठवलं? आपसात बोलून? वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं, ते न येण्यावर.

नको, ती वायर जोडू नका. असं करा, रिपोर्ट दोन लिहा. थोरल्याला कळवा, दोष सॉफ्टवेअरचा. धाकट्याला कळवा, चिपच निकामी आहे. खोटं कसलं त्यात? दोघे पहिल्यापासून तेच म्हणतायत, तुम्ही नुसती मान डोलवायची. तुमची नोकरी? ती नाही जाणार, मी स्वतः कबूल करीन त्यांच्यापुढे — करीन हो, जेवणं झाल्यावर. लिहा. वर 'तातडीचं' म्हणा. पाठवले दोन्ही? आता उठा बघू, जिना उतरा, तुम्ही इथे दिसलात तर तुमच्यावर सोपवून दोघे दारातूनच परत फिरतील. नाही, चहा नाही, आज नाही — निघा, दादा, मला तीन माणसांचा स्वयंपाक करायचाय.