दोन तारे

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मास्तरांना शेजारच्या बहीणभावाचं बोलणं ऐकू येत होतं.

“दादा, गिऱ्हाइकाला द्यायच्या फायलींची मालक आमची कंपनी, वापरायची परवानगी त्यांना, असं लिहिताना मी फोल्डरच्या नावापुढे ताऱ्याची एक खूण करायची तिथं दोन तारे टाकले.”

“मग?”

“एक तारा त्या फोल्डरपुरताच चालतो. दोन टाकले की आतले सगळे फोल्डर आमचे. त्यात गिऱ्हाइकाचा लोगोही आला.”

“फायलींचे मालक तपासणारं तुमचं टूल झोपलं होतं?”

“त्याला मालकाचं नाव दिसलं की पुरे. खरंखोटं ते विचारत नाही.”

“म्हणजे त्यांचाच लोगो वापरायची परवानगी तुम्ही त्यांना दिलीत.”

“उदार मनानं. चार वाजता सगळं त्यांच्याकडे जाणार. त्यांनी पाहिलं तर माझी नोकरी गेली.”

“मग एक तारा पूस की, बाई.”

“पुसला. आता टूल म्हणतंय, आतल्या फोल्डरांतल्या तेवीस फायली बेवारस.”

“साहेबांना सांगितलंस?”

“सांगितलं ना. म्हणाले, तारा परत लाव.”