तीन वाजताची कॉफी

तुम्हाला सांगते, दुसऱ्यावर जळू नये. त्या डिसेंबरात मी ओसाकाच्या लॅबमध्ये राबत होते आणि माझी मैत्रीण केतकी संशोधनासाठी स्वीडनला गेली होती. रोज तिचा फोटो यायचा: ख्रिसमसच्या मेणबत्त्या, दुपारी तीनला कॉफी पीत बसलेली अख्खी लॅब. खाली लिहिलेलं, "खूप बिझी आहे गं!"

डोंबलाची बिझी! आमच्याकडे प्रोफेसर उठल्याशिवाय कुणी घरी जात नाही. शेवटी जळफळून मी तो फोटो त्यांनाच दाखवला. त्यांनी चष्मा काढून नीट पाहिला.

"छान पद्धत आहे. आपणही करू."

दुसऱ्या दिवसापासून तीनला अर्धा तास कॉफी सुरू झाली आणि घरी जायची वेळ अर्धा तास लांबली. कल्पना माझी, म्हणून कप विसळायची ड्यूटीही माझीच.

आमचा कॉफीचा फोटो केतकीला पाठवला. लगेच उत्तर आलं, "मजा आहे बाई तुझी!"