माहेर तिचं, फोन मला

मी परभणीकडची. तिकडं आमच्या गावाला पाणी टँकरनं यायचं, टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन पळायचं, मीबी पळायची, आणि त्या पळण्यातच माझी शाळा सुटली, सहावीत. सोड असं कुणी म्हणालं न्हाय, आईचं कमरेचं दुखणं निघालं, पाण्याला कुणीतरी पायजे, मग एक दिवस गेले न्हाय, दोन दिवस गेले न्हाय, मग मास्तरांनी हजेरीत नाव घ्यायचंच सोडलं. आणि काय सांगू तुम्हाला, अशी ही पाण्यामागं पळून मोठी झालेली बाई, तिला लग्न करून आणलं कुठं, तर कोल्हापुरात, नदीकडच्या गल्लीत, जिथं पाणीच माणसाच्या मागं लागतंय. आमच्या ह्यांना इथं फौंड्रीत काम लागलं, गावातलाच एकजण आधी आलता त्यानं लावलं, त्याचे उपकार मी अजून मानते, आणि भाडं परवडंल अशी खोली ह्या गल्लीतच मिळाली. का परवडती ते पहिल्या पावसाळ्यात कळलं.

माझं बोलणं आता तिकडचं ऱ्हायलं न्हाय आणि इकडचं झालं न्हाय. गावाकडं फोन केला की भाऊ हसतो, म्हणतो हाय-न्हाय काय करायलीस. आणि इथं नवीन आले तेव्हा मला हसू यायचं, कारण इकडच्या बायका स्वतःबद्दल येतो, जातो, करतो म्हणायच्या, गड्यासारखं. शेजारची शैलाक्का अजून तसंच बोलती. तिच्या आणि माझ्या घराची भिंत एक. मला पोरगी झाली तेव्हा आई यायला चार गाड्या बदलायच्या म्हणून आलीच न्हाय, तर शैलाक्कानं मला न्हाऊ घातलं, तिच्या हातची पेज मी प्यालेली हाय. हे आधी सांगते, कारण पुढं मी जे बोलणार हाय त्यात ती तुम्हाला वाईट वाटंल, आणि ती वाईट न्हाय. जळत होते मी.

आमच्या गल्लीत पाऊस सुरू झाला की बायका एकमेकींना इचारतात, औंदा कुठं गं? म्हंजे पूर आला तर कुठं जाणार. प्रत्येकीचं पुराचं घर ठरलेलं. कुणाची नणंद वरच्या अंगाला ऱ्हाती, कुणाचा दीर जोतिबाला दुकान घालून हाय, कुणाची लेक दिलेली. आणि ते घर वर्षभर राखायला लागतं बरं का. त्यांच्या घरी बारसं असू दे, वास्तुशांत असू दे, ह्या गल्लीतली माणसं पहिली हजर, का तर आषाढात त्यांच्या दारात उभं ऱ्हायचं असतंय. उन्हाळ्यातच कुणी रुखवतातली भांडी, कुणी लग्नातल्या साड्या तिकडं नेऊन ठेवतात. आणि मला कुणी औंदा कुठं इचारलं की मी म्हणायची, बघू की. काय बघू? माझा भाऊ फोनवर म्हणायचा, ये की इकडं, भितीस कशाला. आता पाणी गल्लीच्या तोंडाला आल्यावर दोन पोरं घेऊन परभणीची गाडी धरू व्हय?

मग मी माझी तयारी करायची. मी भित्री हाय, पहिल्यापासून. दाराच्या मागं खिळ्याला एक पिशवी, त्यात रेशनकार्ड, आधार, पोरांचे दाखले, सगळं प्लास्टिकात गुंडाळून, तापाचं औषध, काडेपेटी, मेणबत्ती, राजगिऱ्याचे लाडू. सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधायचा, न्हायतर तो तरंगत जातोय, एका पुरात समोरच्यांचा गेलता, तो नदीपल्याड कुणाच्या तरी उसात सापडला म्हणं. पोरांची मी तालीम घ्यायची. थोरल्या दीपालीनं धाकट्या ओमचं बोट धरायचं न्हाय, मनगट धरायचं, कारण बोट निसटतंय. ह्यांचा नंबर, फौंड्रीचा नंबर, दोघांना पाठ. पूर आला की हायवेला पाणी येतं, हे तिकडंच अडकतात, तेव्हा जे काय करायचं ते मीच. शैलाक्का दारात तांदूळ निवडत बसून बघायची आणि म्हणायची, काय गं, पोरं मिलिटरीत घालतीस व्हय? आणि स्वतः काय तयारी करायची, तर काय न्हाय. तिची तयारी म्हंजे तिचा भाऊ. हुपरीला ऱ्हातो, महावीरआण्णा, चांदीचं काम हाय घरात. नदी इशाऱ्याच्या पातळीला आली असं नुसतं मोबाईलवर आलं की ह्याचा टेम्पो गल्लीत. शैले, चल. तिचा नवरा घर राखायला मागं ऱ्हायचा, समोरच्यांच्या वरच्या मजल्यावर, आणि ही पुढच्या शिटावर बसून, मांडीवर पर्स घेऊन, निघाली.

पहिल्या मोठ्या पुरात ती अशी गेली आणि आम्ही म्युनिसिपालटीच्या शाळेत. शाळेत काय कमी न्हवतं, खोटं बोलणार न्हाय, पेठेतल्या तालमीची, म्हंजे मंडळाची, पोरं गरम जेवण आणायची, कोण कुठली माणसं चादरी देऊन गेली, त्यांचं भलं होवो. पण ज्या वर्गात झोपायचं त्या वर्गात दुसरी पाच घरं, संडासाला रांग, ओल्यात चालून चालून पोरांच्या पायाची बोटं कुजलेली. आणि पाणी उतरल्यावर आम्ही घरातला गाळ काढतोय तर शैलाक्का टेम्पोतनं उतरली. केसाला तेल, वहिनीनं दिलेली नवीन साडी, चेहरा कसा भरलेला. मला म्हणाली, अगं वाळलीस की गं. काय सांगू, हातात गाळाचं घमेलं होतं, वाटलं द्यावं तिच्या अंगावर टाकून. साडी बघून जळले न्हाय मी. कुणीतरी हाक मारून न्यायला येतंय, त्याचं मला लागलं. मला कुणी असं नावानं हाक मारून चल म्हणणारं न्हवतं.

दुसरा मोठा पूर आला तेव्हा ओम तापानं फणफणलेला. आण्णाचा टेम्पो दारात, पाणी कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत आलेलं, मी पोराला खांद्यावर टाकून उभी. आण्णांनीच बघितलं, म्हणाले, ह्या कुठं जाणार? शैलाक्का गप्प. जरा वेळच गप्प होती, पण मी मोजला तो वेळ. मग म्हणाली, बस की गं पाठीमागं, पोरगं आजारी हाय. आणि आम्ही गेलो.

तिथलं घर मोठं, माडीचं. जैनाचं घर, चातुर्मास चालू, दिवस असतानाच जेवायचं, कांदा-लसूण न्हाय. पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर पोरं जेवायला मागायला लागली, मला मेल्याहून मेल्यासारखं. तर कस्तुरी वहिनी, आण्णांची बायको, तिनं काय न बोलता पोरांच्या हातात दूध दिलं आणि डॉक्टर बोलवला ओमसाठी. तिचे उपकार मी कुठं फेडू. शैलाक्का तिथं गेली की माहेरवाशीण. झोपाळ्यावर बसायची, वहिनी चहा, वहिनी ह्या उसळीत मीठ कमी हाय, वहिनी माझी साडी इस्त्रीला दे. आणि मी पावणी, तीबी पावण्याची पावणी, मला नुसतं बसवायचं न्हाय. मी कणीक मळायची, भांडी घासायची, आणि दुपारी वहिनी पैंजणाच्या कड्या जोडायला बसायची तेव्हा तिच्यापाशी जाऊन बसायची. बारीक चिमटा, बारीक कड्या, एकात एक अडकवून दाबायच्या, मग घुंगरं. दोन-चार वाकड्या झाल्या, मग जमलं. वहिनी म्हणाली, बोटं चांगली हाइत गं तुझी. मला तेवढं पुरलं, मी दिवसभर तेच मनात घोळवत बसले.

पण म्हणून जळणं थांबलं असं समजू नका. उलट वाढलं. आण्णा बाजारातनं येताना शैलाक्कासाठी पेरू आणायचे, मीठ-तिखट लावून द्यायचे, एवढ्या मोठ्या बाईला. दोघं भावंडं लहानपणीचं काहीबाही आठवून हसायची. मी मान खाली घालून कड्या जोडायची आणि मनात म्हणायची, माझा भाऊबी असाच हाय की, फक्त लांब हाय. आणि मग एक दिवस दुपारी वहिनी माझ्या कानाला लागून म्हणाली, दर पुराला ही येती, येऊ दे, तिचं घर हाय, पण मी दिवसभर उभीच्या उभी असते हे तिला कधी दिसत न्हाय बघ. तू आलीस तर मला बसायला मिळालं. खरं सांगू? मला लई बरं वाटलं. जिच्या हातची पेज प्याले त्या शैलाक्काबद्दल असं ऐकून बरं वाटायला नको होतं. पण वाटलं.

निघताना वहिनीनं शैलाक्काला साडी दिली आणि मला चांदीची जोडवी. साधीच होती, पण शैलाक्काची नजर माझ्या हाताकडं गेली ती टेम्पो गल्लीत येईस्तोवर तिथंच. त्यानंतर वहिनीचे फोन मला यायला लागले. ओम कसा हाय, दीपालीची परीक्षा झाली का, गाठ्यांच्या भाजीला काय घालतीस तू. भिंत एकच हाय हो, पलीकडं सगळं ऐकू जातंय. दुसऱ्या दिवशी नळावर शैलाक्का म्हणणार, काय, आमच्या वहिनीचा फोन आलता वाटतं? आमचं माहेर चांगलं मानवलं की तुला. बायका हसायच्या. मीबी हसायची. पण घरात येऊन मला झोप लागायची न्हाय. कारण माझ्या डोक्यात भलतंच, ही चिडून बसली तर पुढच्या पुराला टेम्पोत कोण घेणार? आणि वहिनी तरी मला बोलवती का माझ्या बोटांना बोलवती? दोन्ही प्रश्न रात्रंदिवस. आणि त्यात तिसरं म्हंजे, शैलाक्काच्या डोळ्यात मला जे दिसायला लागलं ते मी ओळखत होते. घमेलं घेऊन उभी होते तेव्हा माझ्या डोळ्यात तेच असणार.

आता यंदाचं सांगते. नदी वाढायला लागली, रिक्षा भोंगा लावून फिरून गेली की सावध ऱ्हावा, मी सिलिंडर बांधत होते तोवर वहिनीचा फोन. म्हणाली, टेम्पो निघालाय, पोरांना तयार कर, आणि शैलालाबी सांग. शैलालाबी सांग. तिच्या भावाचं घर, तिच्या बापाचं घर, आणि तिला बोलावणं माझ्या तोंडून. एवढी वर्षं जे मला पायजे होतं ते असं पदरात पडलं, आणि मी फोन हातात धरून उभी. आनंद झालता, न्हाय म्हणत न्हाय. पण तिच्या दाराकडं जायच्या आधी मी सिलिंडरची साखळी दोनदा आवळली.

गेले शेवटी. म्हटलं, शैलाक्का, वहिनींचा फोन आलता, तुमचा लागंना म्हणून मला केला, टेम्पो निघालाय म्हणं. शैलाक्का पिठाचे डबे माळ्यावर चढवत होती. तिचा फोन तिथंच ओट्यावर, त्यावर गाणं चालू. तिनं फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, माझा फोन चालू हाय की. मग म्हणाली, आणि तू? मी म्हटलं, आम्ही शाळेत जाणार, ह्यांना तिकडनं यायला शाळा बरी पडती. कशाला खोटं बोलतीस, ती म्हणाली, तुझंच नाव घेतलं असंल तिनं. मी म्हटलं, नाव घेऊ दे, माहेर तुमचं हाय. तर म्हणाली, लई शहाणी झालीस. आणि पुन्हा डबे चढवायला लागली. मीबी खालनं डबे देत ऱ्हायले, सगळे डबे संपेस्तोवर.

टेम्पो आला. आण्णा म्हणाले, बसा की, पोरं कुठं हाइत? शैलाक्का पुढं बघत म्हणाली, ती येत न्हाय म्हणती. मग टेम्पो गेला, दीपालीनं ओमचं मनगट धरलं, मी पिशवी घेतली आणि आम्ही शाळेकडं चालायला लागलो. ओमनं तेवढ्यात इचारलं, आपल्याला का न्हाय नेलं? मी म्हटलं, चल गप.

ही बघा, ही शाळा. यंदा वर्ग जरा बरा मिळालाय, खिडकीकडचा. तालमीची पोरं औंदाबी जेवण आणत्यात, मला आता नावानं ओळखत्यात. काल दुपारी शैलाक्काचा फोन आला. उचलल्या उचलल्या म्हणाली, ती कडी कशी दाबायची गं? वहिनीनं माझ्या हातात चिमटा दिलाय आणि ती निवांत झोपाळ्यावर बसलीया. माझ्या तर कड्या उडून चालल्यात घरभर. मी फोनवरच सांगितलं, आधी वाकवायची न्हाय, अडकवायची, मग दाबायची. पाठीमागं आण्णांचा हसण्याचा आवाज येत होता. आणि तो आवाज ऐकून, इतकं सगळं होऊनसुद्धा, परत तेच. जळलं. हे जात न्हाय बघा माझं, तुम्ही लिहिताय तर तसंच लिहा.

मग म्हणाली, पाणी अजून चढलं तर तिथं थांबू नको. आण्णाला पाठवतो. वहिनी बोलवती म्हणून न्हाय, मी बोलवतो.

मी बरं म्हटलं. जाईन का न्हाय ते पाण्यावर हाय, रस्ता ऱ्हातो का त्यावर हाय. पण तिचा भाऊ तिला असाच न्यायला येत ऱ्हावा, त्या घरातलं दूध आटू नये, आणि माझं हे जळणं त्या घराला कधी लागू नये.